प्रस्तावनेचे पान

अकोला, १२ जानेवारी १९५८

चि. पुंजाजीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी कवितांची वही पोचली. मुलांसाठी पुस्तक काढतोस आणि प्रस्तावना मी लिहावी म्हणतोस, हे वाचून तिवशाची शाळा डोळ्यांपुढे आली. खिडकीत कडुनिंब, सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतो आहे, आणि माझा हा आतेभाऊ दुसऱ्या कडव्यावर अडकून दाराशी ओणवा उभा. मी हळूच ओळी सांगायचो, त्याही तुला झेलता यायच्या नाहीत. गुरुजी म्हणायचे, कवी होईल तर किसन; पुंजाजीने यंत्र शिकावे. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होऊन तू त्यांचा शब्द राखलास. आता म्हातारपणी हे काय काढलेस?

असो. वृत्ते तपासावी लागतील. तुझी दिंडी जरा लंगडते. सवडीने पाहतो.

तुझ्यावर पूर्वीइतकाच जीव असलेला,
किसनराव


अमरावती, ९ मार्च १९५८

ती. किसनभाऊंस,
सा. न. वि. वि.

दोन महिने वाट पाहून राहिलो. छापखान्याचे शेषराव म्हणतात, शाळा उघडायच्या वेळी पुस्तक हवं तर एप्रिलअखेर वही द्या. भाऊ, मी नक्कल ठेवली नाही. तुमच्याकडे जाते म्हणून निर्धास्त होतो.

वृत्ताचं मले काय कळते? सकाळच्या भोंग्याआधी अर्धा तास कारखान्यात जातो. यंत्रं थंड असतात, सरकीच्या ढिगावर चिमण्या उतरलेल्या असतात. तेवढ्यात हजेरीच्या पाटीवर खडूने चार ओळी लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. जमल्या तर वहीत उतरवतो. अकरा वर्षं झाली. न जमलेलेच दिवस जास्त.

वहिनींस नमस्कार. वेळ काढावा, एवढा हट्ट धाकट्याचा.

आपला,
पुंजाजी


अकोला, २२ एप्रिल १९५८

चि. पुंजाजीस आशीर्वाद.

लिहायला जड जाते. घराला चुना दिला, सामान इकडचे तिकडे झाले, आणि तुझी वही सापडत नाही. मन खट्टू करून घेऊ नकोस. कवितेला घाई मानवत नाही. माझेच पाहा. निवृत्तीनंतर मोठे काव्य लिहायचे ठरवले. पण कडुनिंब मोहरला की मन तिवशाला जाते आणि टाक तसाच राहतो. त्यातली गोडी भोंग्यावर उठणाऱ्याला कळायची नाही. पुढल्या वर्षी पाहू.

तुझ्या भल्याचेच सांगणारा,
किसनराव


अकोला, २७ एप्रिल १९५८

भाऊजीले दुर्गाबाईचा नमस्कार.

कार्ड लिहिलं असतं त यायनं वाचलं असतं, म्हनून पाकीट धाडून राहिली. तुमची वही हारपली नाई. ट्रंकेत यायच्या काळ्या कोटाखाली हाय. रोज दुपारी काढतेत, वाचतेत, कुठं कुठं हासतेत बी, अन् मंग तोंड पाडून ठेवून देतेत. बाजूले यायची सोताची वही हाय. वीस वर्सांत सात पानं. काहून देत नाई म्हनून इचारलं, त म्हने, तुले कवितेतलं काय समजते. मले कविता नाई समजत, पन यायचं तोंड समजते.

तुमी म्हनसान त उद्याच टपालात टाकीन. हे पाकीट चुलीत घाला.

तुमची वयनी


अमरावती, २९ जून १९५८

ती. किसनभाऊंस,
सा. न. वि. वि.

पुस्तक सोबत पाठवतो. तुमचं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, खोटं कशाले सांगू. तिसऱ्या दिवशी भोंग्याआधी पाटी घेऊन बसलो. पहिली ओळ आठवेना. मग हात आपोआप चालू झाला. एकेक ओळ वीस-वीसदा पुसलेली; डोक्यात नव्हती, बोटांत होती. शाळेत दुसरं कडवं न येणारा मी, महिनाभरात छत्तीस कविता पुन्हा लिहिल्या. चार काही केल्या परतल्या नाहीत. शेषराव उशीर झाला म्हणून कुरकुरले, पण छापून दिलं.

वहिनींना सांगावं, वही शोधू नका. आहे तिथंच राहू द्या.

प्रस्तावनेचं पान कोरं ठेवायला लावलं. शेषराव म्हणाले, कागद वाया जातो. मी म्हटलं, ती जागा माझ्या भावाची आहे.

माया पातळ होऊ देऊ नये.
पुंजाजी


अकोला, ८ जुलै १९५८

प्रिय पुंजाजी,

वही हरवली नव्हती. मी लपवली होती. तुझ्या पत्रात रागाचा एक शब्द असता, तर हे लिहिणे सोपे गेले असते.

छंद मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो, हे आजही म्हणतो. सरकीच्या कवितेत तिसरी ओळ एका मात्रेने लांब आहे. पण अकरा वर्षे तू भोंग्याच्या आधी उठत होतास, आणि मी गुरुजींच्या एका वाक्यावर पन्नास वर्षे बसून राहिलो. पुस्तक उघडले आणि जळलो. अजून जळतो आहे. तरी रोज वाचतो.

आणखी एक. तू ओणवा असताना मी ओळी सांगायचो, असे लिहिले होते. एकही ओळ कधी सांगितली नाही. तू अडलास की गुरुजी मला उभे करत, म्हणून गप्प बसायचो.

वही आजच्या टपालाने पाठवली आहे. तुला न आठवलेल्या चार कविता तिच्यात आहेत. त्या पानांत खुणेचे दोरे घातले आहेत. आता सांगतो आहे. झेल.

तुझा,
किसन