उजाडल्यावर निघायचं

मंगळवार, संध्याकाळ

रत्नागिरी ते पणजी, समुद्राच्या कडेकडेने, एका दिवसात. आदल्या रात्री रत्नागिरीत मुक्काम. तिथून ह्यांनी पहाटे चारला निघायचं ठरवलं आणि मीही मान डोलावली! आमचा झेंडू रोज चारलाच मार्केटला निघतो, दुसरी वेळ सुचणार कुठून? लेक हसायलाच लागली. "मम्मी, अंधारात समुद्र दिसणार का?"

खरंच की. एवढं लांब जाऊन काय, नुसता आवाज ऐकायचा?

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "इथला माल मी बघते. तू तिथं उजाडेपर्यंत झोप गं."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

चारला जाग येणारच. तेव्हा जाऊबाई आमचे क्रेट गाडीत चढवत असतील. त्यांना मनातल्या मनात हात जोडेन आणि कूस बदलून पुन्हा झोपेन.