मालाची ओळख

१ तारीख, सोमवार

आलो एकदाचे! दोन खोल्या, एक खिडकी, आणि खिडकीतून समोर कारखान्याचं धुराडं. भाजत्या ब्रेडचा वास दिवसभर फुकट. मी खरेदी विभागात आणि आमचे हे कणीक मळायच्या खोलीत. आधीचा कारखाना बंद पडल्यावर दोघांना एकाच ठिकाणी काम मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. संध्याकाळी हे डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखून दारात उभे. म्हटलं, पाहुणे, आपण कोण? तर म्हणे, तुझ्या नशिबाला आलेला गोळा. हसून हसून पोट दुखलं.

माझं पहिलंच काम म्हणजे धातुशोधक यंत्राची खरेदी. ब्रेडमध्ये चुकून खिळा, तारेचा तुकडा गेला तर पकडणारं. इथलं जळालंय, नवीन यायला महिने लागतील, आणि त्याच्याशिवाय बडं गिऱ्हाईक माल उचलणार नाही. साहेब म्हणाले, वापरलेलं शोधा. त्यात माझा हातखंडा आहे.

५ तारीख, शुक्रवार

सापडलं! ब्रेडच्याच एका बंद पडलेल्या कारखान्यात. फोटो बघून घेणाऱ्यांतली मी नाही. पट्ट्याच्या कडा पाहिल्या, कमानीच्या आतला थर कुठे तडकलाय का ते बोट फिरवून पाहिलं. लोखंड, पितळ, स्टील, तिन्हींचे बारीक मणी ब्रेडमध्ये खुपसून सोडले. तिन्ही वेळा यंत्राच्या दांड्याने पाकीट बाजूच्या पेटीत ढकललं.

तिथला म्हातारा फिटर मात्र काही केल्या खूश दिसेना. आधीची शिकवणी पुसून टाका, म्हणाला. ते मलाही ठाऊक होतं. ओल्या, खारट मालाचाही यंत्राला धातूसारखा भास होतो. म्हणून आधी चांगला माल चार वेळा आतून फिरवून त्याला शिकवायचं असतं, की बाबा रे, हा आपला माल, याच्याहून वेगळं ते फेक. पण त्याने तेच पुन्हा पुन्हा सांगितलं, तेही यंत्राकडे पाठ करून. म्हातारपणी माणूस तेच तेच बोलतो, दुसरं काय.

८ तारीख, सोमवार

यंत्र बसलं. गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी, आणि शिकवायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. यंत्राच्या आठवणीत ‘ब्रेड’ होताच. तिकडेही ब्रेड, इकडेही ब्रेड. मी म्हटलं, राहू द्या, चालवा.

पहिलं पाकीट बाहेर, दुसरं बाहेर, मग सगळीच. कुस्करून पाहिली, आत नखाएवढंही काही नाही. शेवटी आमच्या फिटरने आधीचं सगळं पुसून नव्याने शिकवलं. तरी तेच. साहेब नुसते माझ्याकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ तारीख, मंगळवार

चालू झालं! सकाळी कणीक मळायच्या यंत्राचं पातं घासताना यांचं बोट कापलं, तर चिंधी गुंडाळून काम तसंच रेटलं. तो घाणा भाजून पट्ट्यावर आला आणि एकही पाकीट पेटीत पडलं नाही. लोखंडाचा मणी सोडला, तो बरोबर पकडला. माझा जीव भांड्यात पडला.

१० तारीख, बुधवार

आजचा घाणा पुन्हा सगळाच्या सगळा बाहेर. कालच्यात वेगळं काय होतं, असं तपासणीच्या बाईंनी विचारलं. हे आपले सहज बोलून गेले की माझ्या बोटाचे दोन थेंब तेवढे जास्त पडले असतील. सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

११ तारीख, गुरुवार

म्हाताऱ्या फिटरला फोन केला. आधी टाळाटाळ, मग रडायलाच लागला. तिकडे कणीक मळायच्या यंत्रात एक कामगार ओढला गेला होता. मालकाने तो घाणा फेकला नाही, भाजायला लावला. धातुशोधक त्याच दिवशी नवं कोरं आलं होतं. चांगला माल म्हणून त्याला तोच शिकवला. मी रोज पुसायचो, म्हणाला, तुमच्या हातून तरी पुसलं जाईल असं वाटलं. मग त्यानंतर कारखाना चालला कसा, असं विचारलं तर त्याने फोन ठेवला.

साहेबांना सगळं सांगून म्हटलं, यंत्र परत करू. ते म्हणाले, रक्त पडलं की माल जातोय ना, थेंबभराने कोण मरतं? आणि तुमच्या खोल्याही कारखान्याच्याच आहेत, हे आठवणीने सांगितलं.

१३ तारीख, शनिवार

कणीक मळायच्या खोलीत सुई ठेवलीय. हे आपणहून पुढे झाले. दुसऱ्या कोणाला कशाला, म्हणाले, तुझी नोकरी टिकली की झालं. मी भांडले, पाया पडले. हा माणूस सगळं थट्टेवारी नेतो. मला भीती वाटते. यंत्र मीच आणलं, आणि मला फार भीती वाटते.

१५ तारीख

थेंब पुरत नाहीत. सकाळी पळी, दुपारी वाटी — यांचा चेहरा पांढराफटक, तोंड धुतल्यावरही — साहेब रोज विचारतात, अजून थोडं —

१६ तारीख, सकाळ

बांधाबांध केली. कुठे जायचं माहीत नाही, पण इथे नाही. हे म्हणाले, सकाळचा घाणा तेवढा काढून येतो, अर्ध्यावर टाकून कसं जायचं. मी बरं म्हटलं. का म्हटलं —

१६, दुपार

पट्टा चालू आहे. एकही पाकीट पडत नाही. कणीक मळायच्या खोलीला बाहेरून कुलूप. साहेब म्हणतात, तुमचा नवरा मघाशीच घरी गेला. घराची किल्ली एकच, ती माझ्या कमरेला —

पट्ट्याजवळ उभी आहे. तपासणीच्या बाई माझ्याकडे बघत नाहीत. पाकिटं जाताहेत — जाताहेत —

एक पडलं.

पेटी उघडली. ब्रेड कुस्करला. आत दाढेवर बसवतात ती धातूची टोपी. ही यांना — मीच नेलं होतं दाताच्या डॉक्टरकडे, हे घाबरत होते, मी हात धरून म्हटलं, काही होत नाही हो, मी आहे ना, मी