पोवळ्याची भूक

४ जानेवारी

आलो बाई एकदाचे उदगीरला! बालाजीची इथल्या रेल्वे स्टेशनात बदली झाली म्हणून घर शोधत होतो, आणि मिळालं ते असलं, की आई म्हणेल पोरीनं नशीब काढलं. (तोंडावर मी नवऱ्याला 'अहो'च म्हणते. रोजनिशीत बालाजी लिहायला कोण अडवतंय!) वरच्या मजल्यावर तीन खोल्या, पुढं गच्ची, गच्चीवरून किल्ल्याचा बुरूज दिसतो. घरमालक शिवकुमार डाळ मिलवाले. लेकीच्या शिक्षणापायी सगळे हैदराबादला गेलेत. त्यांची अट एकच, बैठकीतली टाकी सांभाळायची.

टाकी साधी मासोळ्यांची नव्हं. खाऱ्या पाण्याची, भिंतभर, आणि आत माशांबरोबर जिवंत पोवळी. मी आजवर पोवळं बघितलं ते मंगळसूत्रात. ही जांभळी, हिरवी, फांद्याफांद्यांची, आणि म्हणे वाढतात! बालाजी म्हणाले की लोकांच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना अन् ह्यांनी घरात समुद्र पाळलाय. मी लई हसले.

मला चौथा सरलाय. बाळ आणि समुद्र, दोघांना मी पुरून उरेन.

९ जानेवारी

शिवकुमारांनी फोनवर शिकवणीच घेतली. पोवळं पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्याचंच आपलं हाड बांधतं. म्हणून पाणी तपासत राहायचं. बारक्या बाटलीत टाकीचं पाणी, त्यात औषध थेंब-थेंब, रंग गुलाबीचा निळा झाला की थेंबांवरून आकडा काढायचा. कॅल्शियम चारशेवीसच्या आसपास हवं, मॅग्नेशियम तेराशेच्या वर. मॅग्नेशियम आधी बघत जा, असं त्यांनी दहादा बजावलं. ते पडलं तर वरून कॅल्शियम कितीही ओता, टिकत नाही, चुना होऊन तळाला बसतं. दोन्हींच्या पावडरी डब्यात आहेत.

मला शिकवतात! माझं माहेर देवणी, गोठ्यातच वाढले मी. आमची गाय व्यायली की कधीकधी बसते ती उठतच नाही. कान गार पडतात, मान वळवून पोटाला लावते. दादा, म्हणजे माझे वडील, लांबूनच ओळखतात की कॅल्शियम पडलं. डॉक्टरानं बाटली चढवली की उभी राहते. तेव्हा हे शास्त्र मला नवं नाही.

२१ जानेवारी

कॅल्शियम उतरूनच राहिलंय. रोज घालते, रोज खाली. पावडर संपत आली, हैदराबादहून निघालेलं पार्सल कुठं अडकलंय देव जाणे.

काल दादा खरवस घेऊन आले. त्यांच्या पिशवीत गाईंना पाजायच्या कॅल्शियमच्या बाटल्या होत्या, एक मी ठेवून घेतली. शेवटी कॅल्शियम ते कॅल्शियम. आज दुपारी बुचभर ओतली. फरक दिसेना, म्हणून अर्धी. पाणी दुधासारखं पांढरं झालं. बालाजीला सांगितलं नाही, शिवकुमारांना तर नाहीच नाही. मॅग्नेशियम बघायचं राहूनच गेलं.

२३ जानेवारी

पाणी निवळलं! देव पावला. एकही मासा दगावला नाही, उलट पोवळी टरारून फुगलीत. पण ओतलेल्या कॅल्शियमला त्यांनी तोंडसुद्धा लावलेलं नाही, सगळं चुना होऊन खाली बसलंय. तो काढायला हात घातला तर बोट फांदीला खरचटलं, थोडं रक्त आलं. फांद्या बोटाकडं वळल्यासारख्या वाटल्या. पाण्याची ओढ असणार.

आणि तेवढ्यात बाळ हललं! पहिल्यांदा! मी खुळ्यासारखी टाकीपुढं उभी राहून रडले.

५ फेब्रुवारी

पावडर बंद आहे तरी आकडा बरोबर येतोय. कुठून भरून निघतंय कळेना.

भांड्याला येणाऱ्या केवळाबाईनं आज काच पुसता पुसता विचारलं की ताई, ह्या दगडामागं माशाचं काटूक पडलंय का काय. बघितलं तर नवीन फांदी फुटलीय, पांढरीफेक, वाकडी, बोटाएवढी. मग ती माझ्याकडंच बघत राहिली. म्हणाली की तुमचं तोंड लई उतरलंय, अन् पोटऱ्या काहून दाबून राहिल्या सारख्या? गोळे येतात, दुसरं काय. सकाळी भाकरी खाताना दाढेचा तुकडा पडला, ते मी तिला सांगितलं नाही.

बाळ टाकीजवळ असलं तरच हलतं. बाकी घरात गप्प.

१४ फेब्रुवारी

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळाची हाडं मागं पडलीत, फार मऊ दिसतात. कॅल्शियमच्या गोळ्या घेता का, असं दोनदा विचारलं. घेते हो, न चुकता घेते! रक्तात मॅग्नेशियम पडलेलं निघालं. ते पडलं की कॅल्शियम कितीही घ्या, टिकत नाही, असं त्या म्हणाल्या. शिवकुमारांचंच बोलणं, शब्दाला शब्द.

खुर्चीतून उठायला गेले तर पाय उठेनात. कानाला हात लावला. गार.

दगडामागच्या फांदीला काड्या फुटल्यात. दोन्ही बाजूंना, सारख्या.

१९ फेब्रुवारी

बालाजीला सगळं सांगितलं, बाटलीपासून ते पोवळं माझ्या बाळाचं कॅल्शियम ओढतंय इथपर्यंत. आधी हसले. मग समजूत घालायला माझा हात हातात घेतला, तर मनगट कट्‌कन वाजलं. मग नाही हसले. उद्या सकाळीच देवणीला नेऊन सोडतो म्हणाले. मला भीती वाटते. माझी नाही, बाळाची.

२० फेब्रुवारी

परत आलो. अर्ध्या वाटेतून. उदगीर मागं पडलं तसं पोट सैल पडत गेलं, रिकाम्या पिशवीसारखं— मी ओरडले, गाडी फिरवा.

घरात येऊन हात पाण्यात घातला. लाथ बसली. जोरात.

बालाजीनं पोटावर उठलेली ती लाथ बघितली. ते म्हणाले की ही टाकीची अवदसा फोडतोच. मीच म्हणाले, फोडा. स्टेशनातनं पहार आणा आणि चुरा करा तिचा. उद्या दुपारी, ड्यूटी सुटली की.

२१ फेब्रुवारी, सकाळ

केवळाबाईला घेऊन रिक्षानं दवाखान्यात. हात ओला ठेवायला टाकीचं पाणी तांब्यात घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पडदा दोनदा तपासला. दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. काळीज चालतंय, म्हणाले. पण पाठीचा कणा— मागच्या वेळी होता, आता पडद्यावर नाही. मशीन बिघडलं असेल, लातूरला जा, आत्ताच जा.

आधी घरी. टाकीजवळ.

दुपार

केवळाबाईला गाडी बघायला पाठवलं. मग दगडामागं बघितलं.

कणा आहे. फासळ्या आहेत. वाटीएवढी कवटी. आज बोटं आलीत, तांदळाच्या कण्यांसारखी— मी काचेवर हात ठेवला. पोटात हललं. तिथंही—

इथंच आहे सगळं. खाल्लं नाही पोवळ्यानं. माझ्या बाळाचं हाड बांधून राहिलंय, पाण्यात.

फुटलं तर—

बालाजी फोन उचलत नाहीत.

हात बाहेर काढला की बाळ थांबतं. पाय तर उठतच नाहीत. मान पोटाकडं वळलीय, सरळ होईना. जबडा बसला, आवाज फुटत नाही. हे पान दारासमोर धरीन. वाचतील. आत आल्या आल्या वाचतील—

जिना. पहार पायरीवर आपटत येतेय.

अहो, आधी हे वाचा. फोडू नका. मीच म्हणाले होते फोडा, पण आपलं बाळ माझ्यात नाही ओ, ते इथं, पाण्यात— टाकीकडं काय बघताय, माझ्याकडं बघा, अहो माझ्याक—