शुक्रवारची पेर्दिका

२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपार

आज न्हाव्याच्या खुर्चीत अपमान झाला. सिफिस माझा शाळेपासूनचा मित्र आणि अख्ख्या खानिया शहरातला सर्वात बडबड्या न्हावी. माझ्या तोंडाला फेस फासून झाल्यावर, म्हणजे मला बोलता येत नाही याची खात्री करून, म्हणाला, "अनेस्ति, या महिन्यात लग्नाला पस्तीस वर्षं होतील तुझ्या. अर्गिरोला एकदा तरी संध्याकाळी जुन्या गावात फिरवलंस का रे? दिवे लागल्यावर आपलं गाव कसं दिसतं, तुला तरी ठाऊक आहे का, लेका?"

मला! नगरपालिकेच्या पाणीखात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला! तोपानास, एव्राइकी, कास्तेली, स्प्लांजिया. जुन्या गावातल्या या मोहल्ल्यांचा एकेक वॉल्व्ह या हातांनी फिरवलाय. व्हेनिसवाल्यांनी कुठे खोदलं, तुर्कांनी कुठे बुजवलं, सगळं पाठ. पण फेसामुळे हे बोलायचं राहून गेलं.

ठराव: लग्नाचा वाढदिवस २४ तारखेला, शुक्रवारी. तोवर जुन्या गावातलं रात्रीचं जग शास्त्रशुद्ध पद्धतीने, एकेक मोहल्ला घेऊन अभ्यासायचं. मग त्या दिवशी अर्गिरोला घेऊन निघायचं आणि चकित करून सोडायचं. बिचारी! घर आणि चर्च यापलीकडे तिने पाहिलंय काय?

३ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळ

मुहूर्त उत्तम. शुक्रवारी अर्गिरो चर्चमध्ये गायला जाते, त्यामुळे मैदान मोकळं. आज जाताना तिने लाल लिपस्टिक लावली होती. देवासमोर माणसाने नीटनेटकंच जावं, हे मला पटतं.

आजचा प्लॅन: तोपानास. निघण्याआधी जरा खुर्चीत टेकतो. टीव्हीवर हवामान सांगतायत, ते ऐकून निघतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

दौरा पुढे ढकलला. हवामानाचा अंदाज फार कंटाळवाणा होता, त्यात माझी चूक नाही. जाग आली तेव्हा अंगावर शाल होती आणि अर्गिरो स्वयंपाकघरात गुणगुणत होती. विचारलं, "गाणं कसं झालं? पाद्रीबुवा खूश?" म्हणाली, "खूश म्हणजे! सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते."

चर्चमध्ये टाळ्या. आपला धर्म सुधारतोय, चांगलं आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल तोपानास जिंकलं. अर्गिरोला सांगितलं, मित्राला भेटून येतो. ती म्हणाली, "बरं, स्वेटर घाल."

फक्त परतीच्या वाटेवर थोडा घोळ झाला. खालून पाइपलाइन सरळ बंदराकडे जाते. वरची गल्ली मात्र मध्येच वळते आणि कुणाच्या तरी अंगणात जाऊन संपते. दोष गल्लीचा. त्याच अंगणात चार वेळा पोचलो. तिथली म्हातारी शेवटी म्हणाली, "आता आलाच आहेस तर ही खुर्ची आत घे बाबा."

एका बारमध्येही शिरलो. पूर्वी तिथे दोरखंड विकायचे. कॉफी मागितली तर एका पोरीने ग्लासात पेटती रोझमेरीची काडी घालून काहीतरी दिलं. संगीत असं की दातांची मुळं हलावीत. भिंतीला ओल आली होती, म्हणून मी कान लावून पाहत होतो, तर ती पोरगी माझ्या कानाशी ओरडली, "आजोबा, घरच्यांचा नंबर पाठ आहे का?"

शेवटी एका जर्मन जोडप्याला मी बंदरापर्यंत सोबत दिली. फोनवरचा नकाशा त्यांच्या हातात होता, पण वाटेत माहिती सगळी मी दिली. फार आदराने ऐकत होते. त्यांना ग्रीक येत नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल शुक्रवार वाया गेला. जागरणाची तयारी म्हणून दुपारी झोपलो. तयारी सकाळपर्यंत चालली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल स्प्लांजिया! शोध संपला. अर्गिरोला कुठे न्यायचं ते ठरलं.

चौकात, सेंट निकोलसच्या चर्चसमोर (तेच, एका अंगाला घंटाघर आणि दुसऱ्या अंगाला मिनार असलेलं, अर्गिरो तिथेच गाते) त्या मोठ्या झाडाखाली स्तामाता नावाच्या बाईंचं कॉफीघर आहे. बसलो. त्सिकुदिया, आमची द्राक्षांची कडक दारू, मागवली. सोबत उकडलेले बटाटे, ऑलिव्ह, व्हिनेगरमध्ये परतलेल्या गोगलगाई. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे लिराच्या तारांवर गज फिरवत दोन-दोन ओळींची मांतिनादा गाणी म्हणत होते. मग एक म्हणाला, "आता पेर्दिकाची म्हण!" पेर्दिका, म्हणजे चक्क तितर! हे एका बाईचं टोपणनाव. दर शुक्रवारी ती इथे येते आणि स्वतःच्या नवऱ्यावर रचलेली गाणी म्हणते म्हणे. म्हाताऱ्याने सुरू केलं:

नऊ वाजता मिटले डोळे, राजा घोरू लागे,
चंद्र बिचारा खिडकीमधुनी माझ्यासाठी जागे.

मी इतका हसलो की गोगलगाय घशात अडकली. पाठ थोपटायला सगळे धावले. असले नवरे असतात खरे! म्हाताऱ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं आणि पाठ केलं. मी हसत असताना स्तामाताबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही पाणीखात्यातले कीर अनेस्तिस ना? अर्गिरोचे?" 'कीर' म्हणजे श्रीयुत, चक्क मानाने हाक! मी मान डोलावली. त्यांनी आणखी एक बशी आणून ठेवली. "घ्या हो. तुमचे फार उपकार आहेत या दुकानावर."

कीर्ती ही अशी असते. फार वर्षांपूर्वी त्या चौकातली फुटलेली लाइन मी जोडली होती. लोक विसरत नाहीत.

त्याच दिवशी, रात्री जेवताना

अर्गिरोला ते गाणं म्हणून दाखवलं. चालीवर, टेबलावर ताल धरून. तिचा घास तिथेच थांबला. तिला विनोद कळायला जरा वेळ लागतो.

मग हळूच म्हणाली, "तुला हसू आलं?"

"मग! असला ठोंब्या नवरा कुठे बघायला मिळणार?"

"आणि त्या बाईचं काय वाटलं?"

यावर मी गंभीरपणे विचार केला. म्हटलं, "एकटी पडली असेल गं. घरी तिच्याशी बोलत नसेल कुणी. म्हणून चार लोकांत जाऊन गाते."

अर्गिरो ताटावरून उठली. मग वाळलेले कपडे आणते म्हणून गॅलरीत गेली. आज कपडे वाळत घातलेलेच नव्हते. आल्यावर तिला तसं सांगितलं. आजकाल फार विसरते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काल पेर्दिकाला प्रत्यक्ष बघायला निघालोच होतो. पण माझे बूट असे आहेत की घालायला पलंगावर बसावं लागतं. बूट बदलायला हवेत. सकाळी उठलो तर एक पायात होता.

सिफिसकडे गेलो. तो काल तिथेच होता! पेर्दिकाचं नवं गाणं ऐकून आलाय. माझ्या गळ्याशी वस्तरा धरून त्याने म्हणून दाखवलं:

माहित त्याला जमिनीखाली पाणी कुठुनी जाते,
माहित नाही जमिनीवरती बायको कुठे गाते.

मी म्हटलं, "म्हणजे नवरा प्लंबर आहे तर!"

सिफिसने वस्तरा खाली ठेवला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते. वय झालंय त्याचं. मी म्हटलं, "त्या प्लंबरला कुणीतरी सांगायला हवं रे. ज्याला भेटेल त्याने त्याला सरळ तोंडावर सांगावं." सिफिस वळून म्हणाला, "अनेस्ति, तूच सांग. तुझं तो ऐकेल."

विचार करण्यासारखं आहे. नवरेजातीची बाजू मांडणाऱ्या दोन कडक ओळी रचायच्या आणि २४ तारखेला सगळ्यांसमोर पेर्दिकाला उत्तर द्यायचं. अर्गिरोसमोर माझा हा पैलू कधी आलेलाच नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर तयार. 'दिवसभर जो राबून दमला, त्याची झोपही खुपते' इथपर्यंत जबरदस्त झालंय. दुसरी ओळ ऐनवेळी सुचेल.

अर्गिरोला आमंत्रण दिलं. म्हटलं, "शुक्रवारी तुला अशा ठिकाणी नेतो की तू स्वप्नातही पाहिलं नसशील."

"शुक्रवारी माझं गाणं असतं."

"एक दिवस देव चालवून घेईल."

"स्प्लांजियात?"

थक्क झालो. "कसं ओळखलंस?"

"अंदाज," ती म्हणाली. मग उठून आरशासमोर गेली आणि निळा ड्रेस अंगाला लावून बघू लागली. तो मी कधी पाहिला नव्हता. म्हणाली, तीन वर्षांपूर्वीचा आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ

कालचं सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी झोपलो नाही. कडक कॉफी तीनदा घेतली. निघालो. दगडी फरसबंदी खडबडीत आहे, माझा दंड धर, असं तिला सांगितलं. तिने धरला, पण ती सारखी अर्धं पाऊल पुढे. मी डावीकडे वळायला गेलो तर तिने उजवीकडे ओढलं आणि एका बोळातून आम्ही थेट चौकात. मला ठाऊक नसलेला बोळ! त्याच्याखाली पाइपच नाही, त्याला मी काय करणार.

झाडाखाली सगळी टेबलं भरलेली. आम्हाला पाहून लोक उठून उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "पेर्दिका आली!"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

पुन्हा पुढे पाहिलं. पाद्रीबुवा अर्गिरोसाठी खुर्ची ओढत होते. स्तामाताबाईंनी तिच्यापुढे न विचारता ग्लास ठेवला. लिरावाला तिच्याकडे बघून तारा जुळवत होता. आणि सिफिस, तो हरामखोर, पुढच्या टेबलावर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता.

मी दिसेल त्या खुर्चीत बसलो. अर्गिरो शेजारी बसली. मला एवढंच बोलता आलं, "तू चर्चला जातेस म्हणाली होतीस."

"मी 'गायला जाते' म्हणाले होते. चर्च तू म्हणालास." मग जरा थांबून म्हणाली, "तुझी चूक सुधारायला तीनदा आले रे. तीनही वेळा तू घोरत होतास. मग तुझ्या अंगावर शाल घातली नि गेले."

तिने हे रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रागावर माझ्याकडे उत्तरं आहेत.

लोक टेबलं वाजवू लागले. "नवऱ्याने उत्तर द्यावं! नवऱ्याने उत्तर द्यावं!" रीतच आहे तशी, सुटका नाही. उभा राहिलो. हातात ग्लास. राबून दमलेल्या नवऱ्याची ओळ तयार होती. पण ती निळ्या ड्रेसमध्ये मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि पाणीखातं सोडून मला बरीच वर्षं झालीत. आता मी कशाने दमतो, ते मलाही सांगता आलं नसतं. ती ओळ काही ओठांवर येईना. भलतीच आली:

पस्तिस वर्षे सोबत केली, हात आज मी धरला...

आणि पुढे काही नाही. लिरावाल्याने तोच सूर पुन्हा घोळवला. पाद्रीबुवांनी डोळे मिटले, बहुतेक माझ्यासाठी प्रार्थना. तेवढ्यात अर्गिरो बसल्या जागेवरून, माझा हात न सोडता, गायली:

नऊ वाजले तरिही राजा अजून जागा उरला!

तो आवाज. या बाईला असा आवाज आहे! पस्तीस वर्षं माझ्या घरात होता. झाडाखाली जो हशा झाला तो बंदरापर्यंत गेला असेल. मीही हसलो. गोगलगाय नव्हती, तरी घशात काहीतरी अडकलं.

नंतर तिने नाचायला ओढलं. मी तीन माणसांच्या पायांवर पाय दिला, त्यात एक पाद्रीबुवा. घरी कधी आलो ते पाहिलं नाही. कॉफीमुळे झोप अजिबात आली नाही, तिला मात्र छान लागली. घोरते ती. हलकंसं, पण घोरते. हे कुणाला सांगणार नाही.

एकूण हिशेब: योजना ठरल्याप्रमाणे यशस्वी. सगळे चकित झाले. संशय मला पहिल्या दिवसापासून होताच, फक्त खात्री करून घेत होतो.

निघताना स्तामाताबाईंनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "कीर अनेस्तिस, आता दर शुक्रवारी यायचंच हं." मी नम्रपणे म्हटलं, आवाज फारसा तयार नाही. त्या म्हणाल्या, "आवाजाचं सोडा हो. पण तुम्ही जागे राहू लागलात तर झोपेची गाणी संपणार. गिऱ्हाइकांना नवा माल लागेल."

हे मी रात्रभर मनावर घेतलं. पहाटे निर्णय झाला: यापुढे घरात शब्द मोजून बोलायचं, चालण्या-वागण्यात वचक ठेवायचा, हसण्यासारखं एकही वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही. नाश्त्याला अर्गिरोला हा निर्णय ठामपणे सांगितला.

तिने चमचा खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि ओठ हलवत बोटांवर मात्रा मोजायला लागली.