घरगाडीचं मागचं चाक

८ सप्टेंबर
माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची, म्हणजे आमच्या भासऱ्याची घरगाडी पावसाळ्याच्या आधीपासून अंगणात उभी. नागपुरात ठेवायले जागा नाही म्हणून इथं इंझोरीत आणून टाकली. आत पलंग, गॅस, पंखा, संडास सगळं. किल्ली मात्र सोबत नेली, आमी बाहेरूनच पाहायची. आज फोनवर म्हणे, "संगीता, चाकं पाहून सांग बरं." पाहिली. बुरशी आल्यासारखी पांढरी पूड धरली चारही चाकायले. सांगितलं तं असे भडकले जसं मीच जाऊन पूड फासली.

१० सप्टें.
हुकूम आला. अगोदर साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मंग झिरो पेपर, म्हणजे बारीक घासकागद, भिजवून हलक्या हातानं घासायचं, मंग पॉलिश. "ॲसिड नको लावजो, चाकं जर्मलची, ॲल्युमिनियमची हायेत." सोयाबीन सोंगायले आलं अन् मी काय चाकं घासत बसू?
ओट्यावरून मामाजी, माझे सासरे, बोलले, "मी घासतो."
घासा म्हटलं. दिवसभर धोतर ओलं करून बसण्यापेक्षा बरं. सासऱ्याचं धोतर धुऊ धुऊ माझे हात गेले.

१३ सप्टें.
आत्ता समजलं म्हाताऱ्याले एवढा हुरूप काहून. भासऱ्यानं कबूल केलं, चाकं चकाचक झाली की दिवाळीच्या आधी येतो अन् तुमाले रिसोडले नेतो. रिसोडात मामाजीची बहीण, आत्याबाई, अंथरुणाले खिळलेली. मामाजीले एसटी जमत नाही, लघवी थांबतच नाही. मागं जीपवाल्यानं शेलूबाजारच्या अलीकडेच ओल्या धोतरानं उतरवून देल्लं होतं. लोकं हासले. घरगाडीत संडास हाय. म्हाताऱ्याचं डोकं चालते.
भासरे मले फोनवर म्हणे, "चला, बुढा कामी तं लागला." हासले. मी पण हासली.

१९ सप्टें.
आज चिंच-मीठ लावून ठेवलं चाकाले. काळं पडलं. "तांब्याचा हंडा-गुंड हाय का तो?" म्हणून ओरडली मी. दिवसभर पुन्हा घासत बसले. बोटाची कातडी निघाली. राहू द्या असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

२ ऑक्टो.
तीन चाकं झाली. बोलावून दाखवलं, "पाह्य सुनबाई, तोंड दिसते."
"तुमचं तोंड पाहून मी काय करू?"
मागचं डावं मात्र पुन्हा पांढरं. मामाजी घासते, चाक चकाकते, पुन्हा पांढरं. म्हातारा चक्रावून गेला.

५ ऑक्टो.
पहाटे झाडायले निघाली तं मामाजी मागच्या चाकाजवळ उभे. एक हात गाडीले टेकवलेला. न्हाणीपर्यंत पोचतच नसतीन. पहाटे तिथं मुतते अन् सकाळी तेच घासते. लय हासू आलं. कोणाले सांगितलं नाही. कामी पडन.

१८ ऑक्टो.
भासरे आले. पहिले चाकं पाहिली, मंग बाप. मामाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर. मांडीवर पिशवी, पिशवीत आत्याबाईसाठी लुगडं.
मागचं चाक पाहून भासऱ्यानं मलेच धरलं. "इथं बकऱ्या बांधतं काय? खरकटं पाणी फेकतं? खेड्यातल्या लोकायले वस्तूची कदरच नाही." सगळी गल्ली ऐकून राह्यली. हे मान खाली घालून उभे. नवरा कायले म्हणायचं याले?
मी म्हटलं, "बकरी नाही, तुमचा बाप मुतते त्याच्यावर."
गल्ली हासली. भासरे नाही हासले. म्हणे, "मंग आत कसा बसवू? गाद्या नव्या हायेत." दार लावलं, किल्ली खिशात.
मामाजी उठले. पिशवी खुंटीले टांगली. शिव्या देतीन वाटलं होतं. देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टो.
भासरे बसनं वापस गेले. गाडी इथंच. "गाडी विकत घेणारं गिऱ्हाईक लागलं की नेतो. तोपर्यंत चाक साफ पायजे." मामाजीनं त्यायले पाठमोरंच विचारलं, "साफ झालं तं नेशीन?" ते "पाहू" म्हणाले. पाहू म्हणजे नाही. मले समजलं. मामाजीले नाही.

२२ ऑक्टो.
धोतर कोरडं. कालचंही कोरडं. मी मनात म्हटलं, सुटली बाई.
मंग ध्यानात आलं, मामाजी पाणीच पेत नाही. चहाही नको म्हणते. ओठ फाटले.

२३ ऑक्टो.
आत्याबाईचा फोन. आवाज पार गेला. "दादा कधी येते?" मी म्हटलं, चाक घासून राह्यले.
पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला जवळ. "प्या, मामाजी." माझ्याकडं पाहिलं नाही. झिरो पेपर त्यात भिजवला अन् घासाले लागले.
मागचं चाक अजून तरी पांढरं पडलं नाही.