घासून परत आलेला डबा

२६ ऑक्टो., सालेकसा
जर्मनीहून लेकीचा, सुषमाचा फोन. नात मिहू माझी दुसरीतली कविता म्हणत होती, टेबलावर चमच्यानं ताल धरून. आमच्या कौलारू शाळेत पट्टी आपटून अख्खा वर्ग म्हणायचा, अगदी तसंच. मध्येच तिथल्या दाराची बेल. शेजारची एकटी म्हातारी. आज रविवार, आवाज नको म्हणे, तिथला नियमच! इकडे मंडईच्या जत्रेचा भोंगा सकाळपासून कानात. अख्खं गाव रविवारी गप्प बसतं कसं? कुत्रीसुद्धा?
मुलीला नववा लागलाय. जावई महिनाभर कामासाठी दुसऱ्या शहरात. विचारलं, अचानक दुखायला लागलं तर? "अँब्युलन्स येते ना, बाबा." मिहूजवळ कोण, ते बोललीच नाही.

२९ ऑक्टो.
डोकं ठिकाणावर नाही. तिथले लोक रस्त्यात भेटले की काय विचारतात? 'जेवलास का' नाही म्हणे. मग ओळख वाढते कशी? शेजारचा शामराव हसला, "गेले नाही अन् तिथले सरपंच होऊन राहिले तुमी!"
सु.ला सांगितलं, दिवाळीच्या करंज्या उरल्यात ना, मिहूच्या हातून म्हातारीकडे डबा पाठव.

२ नोव्हें.
डबा परत आला. रिकामा.
घासूनपुसून, पण रिकामा! आपल्याकडे भांडण असलं तरी चिमूटभर साखर घालून देतात. सु. म्हणते, "इथं असाच देतात, बाबा." मी भडकलो. "त्या बाईच्या भरवशावर राहू नको. तिचं दार वाजवायचं नाही."
"बरं," म्हणाली. इतक्या लवकर बरं का म्हणाली...

५ नोव्हें.
धान कापून शेतात, बांधीत पडलंय, माझं लक्ष नाही. मिहूचा आवाज आला मोबाईलवर. "आजोबा, त्या आजीनं झाकणाची रबरी रिंगपण काढून धुतली. खाऊचं नाव विचारलं. करंजी. तीनदा म्हणाली, माझ्यासारखा ताल धरून."
शामरावच्या बायकोला ऐकवलं. "रिंग काढून कोणी धुते का, भाऊजी? मी तुमचा डबा कधी इसळला पन नाही! काऊन मना केली पोरीले?"
काऊन, खरंच.

८ नोव्हें.
सु.चा फोन लागत नाही. निरोप टाकला : म्हातारीचं दार वाजव. तिनं पाहिलेला दिसत नाही. चौथीतली नदीची कविता आठवत बसलो. तिसरं कडवं सापडेना. वाटेत कुठं पडलं?

९ नोव्हें., रविवार
अकराला फोन. तिथं साडेसहा, पहाटच. सु. दात आवळून, "बाबा, दुखून राहिलं. गाडी बोलावली. मिहूला..."
"म्हातारीची बेल वाजव!"
"आज रविवार. अन् तुम्हीच तर म्हणाले..."
"माझं सोड! वाजव!"
फोन मिहूच्या हातात. सु.च्या चपलांचा आवाज दूर गेला. म्हातारीची बेल, एकदा. जरा थांबून पुन्हा. मिहू मुसमुसायला लागली. म्हटलं, कविता म्हण.
"मोठ्यानं, आजोबा? आज?"
मोठ्यानं म्हण, बाई.
चमचा सापडला तिला. दुसऱ्या कडव्यात फोन तुटला.
चार वेळा लावला. लागत नाही. पुढची कडवी मी इथंच म्हटली, पट्टी आपटत, ताल सुटू नये म्हणून. शामराव कुंपणापाशी येऊन उभा आहे, हसत नाही. त्या दाराची कडी निघाली का, एवढंच कोणीतरी सांगा.