पौंडाचे निम्मे

गार्डन रीच, कोलकाता
४ जानेवारी २०२४

ती. श्यामलाताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येईनासं झाल्यापासून माझं अक्षर सुधारलंय, असं मंजुषा म्हणते. सोबत तिने केलेले तिळाचे लाडू आहेत. गूळ इथला, खजुराचा. चव वेगळी लागली तर टपाल खात्याला बोल लावू नकोस.

मुख्य बातमी लेकीची, नूपुरची. मनगटाच्या ऑपरेशननंतर सॉल्ट लेकच्या वेटलिफ्टिंग केंद्रात रोज जाणं झेपेना, म्हणून ती घराजवळच्या जुन्या व्यायामशाळेत जाऊ लागली, हे तुला ठाऊक आहेच. परवा तिथे तिने एकशे पंच्याऐंशी पौंड आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेले. तिथला दांडा आणि लोखंडी चकत्या गोदीतल्या कुठल्याशा अमेरिकन जहाजावरून आलेल्या, सगळं पौंडांत. तिचे शिक्षक शंतनुदा निम्मे करून किलो सांगतात, म्हणजे साडेब्याण्णव. अकरा फेब्रुवारीला नोकरीच्या खेळाडू कोट्याची चाचणी आहे आणि तिथे नव्वद किलो लागतात. वयाची अट पंचवीस, मार्चमध्ये तिला सव्वीस पूर्ण होतील. तेव्हा हीच संधी. आपण दोघंही इतकी वर्षं तिला भाताचं दुसरं वाढप घेऊ नको म्हणत होतो, त्याचं चीज झालं म्हणायचं.

तुझ्या पत्राची वाट बघतो. माया आहे ती राहू दे.

तुझा,
चारू

मिरज
१३ जानेवारी २०२४

चि. चारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाडू पोचले. चव वेगळी लागली, पण सगळे संपले, हे मंजुषाला सांग. नूपुरचं वाचून मी शेजारच्या सुलभाला बोलावून पत्र दोनदा वाचून दाखवलं. हाताने भांडं उचलायचं म्हटलं तर नाक मुरडणारी मुलगी ही, अशी आठवणही मी तिला सांगितली.

एक विचारू? तुमचं गणित नीट आहे ना? आमच्या अमेयला मुलगी झाली तेव्हा त्याने अमेरिकेहून सात पौंड कळवलं होतं. मी निम्मे करून गल्लीभर साडेतीन किलो सांगितलं. मग सूनबाईंनी कळवलं की सव्वातीनही पुरते भरत नाहीत. एका किलोत दोन नाही, दोनाहून जास्त पौंड बसतात म्हणे. मला काही ते नीट कळलं नाही. बाळाच्या बाबतीत तीनशे ग्रॅमनी काय बिघडतं, तिथे बिघडत असेल म्हणून विचारलं. शंतनुदांना माहीत असेलच.

पोरीला दही खाऊ घालून धाड. तब्येत सांभाळ आणि म्हातारीची आठवण ठेव.

ताई

गार्डन रीच
२३ जानेवारी २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी नूपुरला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली की आत्या नातीची गोष्ट इथे कशाला आणते. मग तिनेच मोबाइलवर हिशेब केला. एकशे पंच्याऐंशी पौंडांचे चौऱ्याऐंशी किलोही पुरते होत नाहीत.

तरी हे खोटं ठरावं असं आम्हा दोघांना वाटत होतं. सकाळी शंतनुदांना घेऊन पंचेचाळीस पौंडांची चकती कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेली. साडेबावीस किलोची समजत होतो ती. त्याच्या काट्यावर वीस किलो चारशे ग्रॅम भरली. शंतनुदांनी ती काढून पुन्हा ठेवायला लावली. मग ते म्हणाले की त्यांच्या गुरूंनी त्यांना निम्मेच शिकवलं होतं, आणि मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

तुला खरं सांगतो, मला आकड्याचं इतकं वाईट वाटलं नाही. ऑपरेशनच्या आधी सॉल्ट लेकला ती किलोंत ब्याऐंशी उचलायची. म्हणजे वर्षभर पहाटे उठून, मनगटाला पट्टे बांधून ती जेमतेम पुन्हा जिथे होती तिथे आली. आम्ही घरात मात्र ती पुढे गेली म्हणून पेढे वाटले.

अडीच आठवड्यांत सहा किलो वाढत नाहीत. नूपुर म्हणते, जाणार. मंजुषा म्हणते, कशाला. मी कोणाच्याच बाजूने बोललो नाही. आमच्यावर रोष न ठेवता लिहीत जा.

तुझा,
चारू

मिरज
१ फेब्रुवारी २०२४

चि. चारूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. माझ्या जिभेला, म्हणजे या हाताला, काय गरज होती? साडेब्याण्णव पेलते असं समजून पोर तिथे उभी राहिली असती तर कोण जाणे, नव्वद उचलूनही गेली असती. माणूस विश्वासावर काय काय करतो. आता ती दांड्याला हात लावायच्या आधीच हरून जाईल, आणि ते मी केलं.

सुलभा म्हणते की लोखंडाला कोणाचा विश्वास कळत नाही. तिचं बरोबर असेल. नूपुरला माझ्याकडून काही सांगू नकोस. काय सांगणार. तुम्हा तिघांकडे माझा जीव लागून राहिला आहे, एवढं मनात असू दे.

ताई

गार्डन रीच
१५ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
नूपुरचा सा. न.

माझ्या मराठीत चुका असतील, शाळेत बांग्ला आणि इंग्रजीच होतं. बाबांनी तुझं पत्र लपवलं होतं. मी वाचलं.

तीन वेळा उचलायला मिळतं. मी तिन्ही वेळा नव्वदच मागितलं, कारण त्याच्या खाली धरत नाहीत. पहिल्यांदा गुडघ्याच्या वर आलंच नाही. दुसऱ्यांदा छातीपर्यंत आणून मी मागे बसले. तिसऱ्यांदा खांद्यावर आलं, आत्या, आणि मी उठून उभी राहिले. आई ओरडत होती ते ऐकू आलं. मग वर ढकललं आणि डावा कोपर दुमडला. तीन लाल दिवे, म्हणजे बाद.

तुझ्यामुळे झालं नाही. उलट तू लिहिलं नसतं तर मी तिथे पडले असते आणि मला का ते कळलंच नसतं. ते जास्त वाईट झालं असतं, असं मी रोज स्वतःला सांगते. अजून पुरतं पटत नाही.

शंतनुदा घरी आले होते. चहा न घेता गेले. बाबा म्हणतात, दुसरीकडे चाचण्या असतील, तिथे वय चालेल. मी शोधलं, कुठेच चालत नाही. पण त्यांना बोलू देते. सोमवारपासून सेक्टर फाइव्हला एका ऑफिसात बसायचं काम मिळालं आहे. दिवसभर खुर्ची. मनगट बरं आहे, दुखत नाही.

तू लिहीत राहा, फक्त वजन विचारू नकोस. बाकी काहीही विचार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
नूपुर